मला आवडलेली काही पुस्तके

पुस्तक जितके अवघड तितके ते थोर, अशी पुष्कळांची समजूत असते. मला ती मान्य नाही. पनवेलच्या वाचनालयातून मी आजवर जी पुस्तके घरी आणली, त्यांतील मनात घर करून राहिलेली बहुतेक पुस्तके लेखनाची तालीम कधीच न घेतलेल्या माणसांची आहेत.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’च पाहा ना! गोडसे भटजी आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातील वरसईचे. घरात कर्ज झालेले. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली ते चुलत्यांसह निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. वेढ्याच्या तारखा इतिहासाच्या पुस्तकात मिळतात. पण तोफांचे गोळे पडत असता माणसे कशी राहतात, हे भटजींनीच सांगावे! पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटते. भटजी पाणी काढून देऊ लागतात. पण त्यांना श्रम न देता ती स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. घोड्यावर बसलेल्या, तलवार उपसलेल्या राणीची चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. मला मात्र ही विहिरीवरची तहानलेली राणीच अधिक खरी वाटते.

चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापले, तेव्हा मजकुरात फेरफार केले. इंग्रजी अमलात असे काही छापणे धोक्याचे होते, हे खरे. तरी १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी भटजींचा मूळ मजकूर प्रसिद्ध केला, तोच वाचावा असे मी म्हणेन. भटजींचे बोलणे भटजींच्याच तोंडून ऐकलेले बरे.

लक्ष्मीबाई टिळकांना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही! वाचताना हसू आवरत नाही. मग ती सारी धुणारी घरातली बायकामाणसे आठवतात आणि हसू ओसरते.

साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा ते या पंक्तीत बसत नाहीत. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच रात्रींत लिहिली. तीत अश्रू जरा अधिक आहेत, असे माझे प्रांजळ मत आहे. परंतु पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई छडी घेऊन बाहेर काढते, तो प्रसंग मी कितीदा तरी वाचला आहे.

राहता राहिल्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने व एका आप्ताने टिपून घेतलेली त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने निघाली. खानदेशी बोलीमुळे आपल्या कोकणातल्या वाचकाला प्रथम चार शब्द अडतात. अशा वेळी पुस्तक मुकाट्याने वाचू नये. घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवावे आणि मोठ्याने म्हणावे. जात्यावर बसून त्यांनी ती तशीच म्हटली होती.