मराठवाड्याचा इशारा: मुदत १७ सप्टेंबरपर्यंत

मुख्यमंत्री आणि राज्य मंत्रिमंडळ यांस,

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या तालुकावार फायलींत लावून ठेवल्या आहेत.

३० एप्रिल २०२० रोजी मराठवाडा विकास मंडळाची मुदत संपली. विदर्भाचे आणि उर्वरित महाराष्ट्राचे मंडळही त्याच दिवशी गेले.

साथीचे दिवस होते. आमची माणसे पुण्या-मुंबईहून पायी गावाकडे येत होती. मुदतवाढीचा विषय लावून धरण्याची ती वेळ नव्हती. आम्ही थांबलो.

साथ संपली. मुदतवाढ आली नाही.

सरकार बदलले. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. आम्ही जाहीर स्वागत केले. प्रस्ताव दिल्लीला गेल्याचे सांगितले गेले. आम्ही पुन्हा थांबलो.

मंडळ आलेले नाही.

मंडळ ही कुणाची मेहेरबानी नव्हे. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा आणि नोकऱ्यांतील वाट्याचा शब्द दिला. १९५६ मध्ये घटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण, शासकीय सेवेतील संधी: राज्यपालांवर टाकता येणारी विशेष जबाबदारी त्या कलमात लिहिलेली आहे. दरवर्षीचा अहवाल विधानसभेपुढे ठेवायचा, हेही लिहिलेले आहे.

त्या शब्दावर विश्वास ठेवून मराठवाडा आला. बिनशर्त आला. निजामाच्या राजवटीतून सुटून तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती.

कलम कागदावर आले १९५६ ला. मंडळ प्रत्यक्षात आले १ मे १९९४ ला. मधली ३८ वर्षे आमच्या धीराचीच आहेत.

आमचा अनुशेष आम्ही मोजलेला नाही. तो सरकारनेच नेमलेल्या दांडेकर समितीने मोजला. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समिती झाली. केळकर समिती झाली; तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. आता आणखी समिती आम्हाला नको. तिच्यासमोर आम्ही साक्षही देणार नाही.

मंडळाने सगळे दिले, असा आमचा दावा नाही. त्याचा निधी तुटपुंजा होता, अधिकार त्याहून कमी. पण मंडळ होते तेव्हा राज्यपालांचे निर्देश होते. २००१ पासून सिंचनाचा पैसा कोणत्या विभागाला किती, हे सूत्राने ठरू लागले. पैसा दुसरीकडे वळवला तर जाब विचारायला जागा होती.

आज ती जागा नाही. ज्याच्या हाती खाते, त्याच्या जिल्ह्यात निधी. राज्याचा कारभार असा चालतो हे मंत्रालयात सर्वांना ठाऊक आहे.

आम्हाला ऐकवले जाते की मराठवाड्याने चार मुख्यमंत्री दिले. होय, दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. तरीही अनुशेष राहिला. म्हणूनच आमची मागणी पदासाठी नाही, खुर्चीसाठी नाही. कुणीही मुख्यमंत्री असो, त्याचा हात बांधणारी व्यवस्था आम्हाला हवी आहे.

पाण्याचे सांगतो, कारण तिथे हे सर्वांत उघड दिसते.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला झाली, लोकार्पण १९७६ ला. धरण शंभर टीएमसीहून मोठे. वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणे होत गेली, आणि जायकवाडीचा नाथसागर आपल्या पाण्याची वाट पाहत राहिला. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ मध्ये तुम्हीच केला. तो लागू करून घ्यायला आम्हाला उच्च न्यायालयात जावे लागले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे, हे ठरले. आता ते ६५ टक्के ५७ वर आणण्याची शिफारस सरकारच्याच अभ्यासगटाने केली आहे.

ती शिफारस फेटाळा. लेखी फेटाळा.

२०१६ चा एप्रिल आम्ही विसरलेलो नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. लोक घराबाहेरच्या ड्रमला साखळी आणि कुलूप लावून झोपत. शाळेतली मुले पहाटेपासून घागरींच्या रांगेत असत. त्या मुलांचे आज मतदार यादीत नाव आहे. त्यांतले बरेच जण आमच्यात आहेत.

मंत्रिमंडळाच्या बैठका आमच्याकडे झाल्या. २०१६ ला झाली. २०२३ ला झाली. दोन्ही वेळा हजारो कोटींची पॅकेजे जाहीर झाली. कोणत्या कामाला किती रुपये प्रत्यक्ष सुटले, याचा तालुकावार हिशेब आम्ही मागितला. उत्तर आले नाही.

पॅकेज देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वाटा हक्काचा असतो. आम्ही वाटा मागतो आहोत.

आमची अट अशी. मंडळाच्या पुनर्स्थापनेचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला पाहिजे. त्यासाठी दिल्लीत जे करायचे ते तुम्ही करा. तोवर सिंचन निधीचे वाटप सूत्रानेच होईल, असा शासन निर्णय काढा. दोन्ही पॅकेजांचा हिशेब छापा.

मुदत येत्या १७ सप्टेंबरपर्यंत.

त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचे ध्वजवंदन असते. आम्ही येऊ. हुतात्मे आमचे आहेत. तिथे घोषणा होणार नाही, काळे झेंडे दिसणार नाहीत. त्याची काळजी पोलिसांनी करू नये, आम्ही करू.

१८ सप्टेंबरपासून मात्र आठही जिल्ह्यांत मंत्र्यांच्या भूमिपूजनाला, लोकार्पणाला गावातले कुणी येणार नाही. मांडव घालणारा गावचा नसेल. खुर्च्या गावच्या नसतील. सरपंच व्यासपीठावर नसेल, हलगीवाला वेशीवर नसेल. पक्ष कोणताही असो. ग्रामसभांचे ठराव तयार आहेत.

कालव्याची पाणीपट्टी थांबेल. ती रक्कम पाणीवापर संस्था वेगळ्या खात्यात जमा ठेवतील. मंडळ आल्यावर पूर्ण भरली जाईल, एक रुपयाही कमी नाही.

१५ ऑक्टोबरला आम्ही पैठणला धरणावर असू. पाणीपातळीची नोंद आमच्यासमोर होईल. साठा कमी असेल आणि वरचे दरवाजे बंद असतील, तर त्याच आठवड्यात अवमान याचिका दाखल होईल. कागद वकिलांकडे गेले आहेत.

यात कुठे दगड उचलला जाणार नाही. एसटी अडवली जाणार नाही. आमची शिस्त १९७४ च्या विकास आंदोलनापासूनची आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ, औरंगाबादचे खंडपीठ, मनमाडहून येणारा रुंद रेल्वेमार्ग, यांतले काहीही मागितल्याबरोबर मिळालेले नाही. लढून मिळाले.

चर्चेला बोलावणार असाल तर आदेशाचा मसुदा घेऊन बसा. चहापानासाठी आम्ही मुंबईला येणार नाही.

ही मुदत वाढणार नाही.

कळावे.