नीलम, उशी आणि लॅमिनेट केलेलं कार्ड

आमच्या अचलपुरात नीलम घ्यायची एक ठरलेली पद्धत आहे. खडा निळ्या फडक्यात गुंडाळायचा, उशीखाली ठेवायचा आणि तीन रात्री झोपायचं. वाईट स्वप्न पडलं नाही, घरात कोणी आजारी पडलं नाही, गाडी पंक्चर झाली नाही, की खडा 'लाभला'. मग पैसे द्यायचे. परतवाड्यात हेच, अमरावतीत हेच, आणि हिंजवडीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढणाऱ्या आमच्याकडच्या पोरांमध्येही हेच!

शनी आणि साडेसाती खरी की खोटी, या वादात मी आज पडत नाही. (पडलो की मामा दोन महिने फोन उचलत नाही.) माझं भांडण वेगळं आहे. उशीची परीक्षा फार तर तुमची झोप तपासते. खडा ती तपासतच नाही. आणि आजकाल ज्या एका शब्दासाठी दुकानदार जास्तीचा भाव लावतो, 'अनहीटेड', त्याबद्दल तर उशीला काडीचंही कळत नाही.

आधी हा शब्द समजून घेऊ. नीलम म्हणजे कोरंडम, म्हणजेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यात लोह आणि टायटॅनियम किंचित मिसळलं की निळा रंग येतो. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधाळ, फिकट दगड निघायचे, त्यांना कोणी विचारत नसे. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि भट्टीत दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवले. आतल्या रुटाइलच्या बारीक सुया विरघळल्या, त्यांतलं टायटॅनियम स्फटिकात मिसळलं आणि दुधाळ दगड निळाशार झाला. आज बाजारातले बहुतेक नीलम भट्टी बघून आलेले आहेत. यात पाप काही नाही. रंग पक्का राहतो, खडा नैसर्गिकच असतो. फक्त न तापवता तेवढाच सुंदर दिसणारा खडा दुर्मीळ, म्हणून महाग. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते एका न घडलेल्या गोष्टीचे. ती डोळ्याला कशी दिसणार?

माझा मावसभाऊ साखरपुड्याच्या अंगठीसाठी नीलम बघतोय. गावातल्या एका पेढीवर त्याला 'सव्वापाच रत्ती, असली, अनहीटेड' असा खडा दाखवला. सोबत एटीएम कार्डाएवढं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. त्यावर लिहिलंय 'नॅचरल ब्लू सफायर'. ट्रीटमेंटबद्दल अक्षर नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "नॅचरल लिहेल हाय ना भाऊ, अजून काय पाह्यजे?"

बरंच काही पाहिजे, भाऊ. नॅचरल म्हणजे जमिनीतून निघालेला, कारखान्यात न बनवलेला. तापवलेला खडासुद्धा नॅचरलच. बिल्ड सक्सेसफुल झाला म्हणजे सगळ्या टेस्ट पास झाल्या असं ऑफिसात कोणी म्हटलं तर आपण त्याला हसतो. इथे मात्र तीच थाप आपण लाखभर रुपये देऊन ऐकून घेतो.

आणि ती सव्वापाच रत्ती! सोन्याच्या जुन्या हिशोबात तोळ्याच्या ९६ रत्ती, म्हणजे एक रत्ती साधारण १२१.५ मिलिग्रॅम. खड्यांच्या बाजारातली रत्ती बहुधा १८२ मिलिग्रॅमच्या आसपास. पहिल्या मापाने सव्वापाच रत्ती म्हणजे ३.१९ कॅरेट, दुसऱ्या मापाने ४.७८. शब्द तोच, फरक दीड कॅरेटचा, आणि भाव कॅरेटवर. वजन कॅरेटमध्येच विचारायचं, विषय संपला.

आता हमखास येणारा युक्तिवाद : "आपला सोनार तीन पिढ्यांचा आहे, तो फसवणार नाही." मान्य. पण तो सोन्याचा जाणकार. कसोटीच्या दगडावर सोनं घासून त्याला कस कळतो, नीलमचा भूतकाळ कळत नाही. तोही खडा जयपूर-मुंबईच्या व्यापाऱ्याकडून विश्वासानेच घेतो. सोन्याच्या बाबतीत आपण असल्या विश्वासावर थांबलो नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आला. तो फक्त सोन्याबद्दल बोलतो. त्याच अंगठीत बसवलेल्या खड्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही, आणि कित्येकदा खडा सोन्यापेक्षा महाग असतो.

"आजीच्या काळातला आहे" हाही पुरावा नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉयने कृत्रिम माणकाची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि पुढच्या दहाएक वर्षांत कृत्रिम नीलमही आला. तो रसायनाने नीलमच असतो. काचेवर ओरखडा काढा, वाफ सोडून बघा, दुधात टाका, तो आरामात पास होतो. फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, वाढीच्या वक्र रेषांमध्ये आणि हवेच्या बुडबुड्यांमध्ये.

शास्त्राचा आधार देणाऱ्यांची तर गंमतच आहे. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत. शंभरपट दुधाला निळं करतो तो महानील, ही गोष्ट त्यातलीच. ती सगळ्यांना पाठ. पण तिथेच असंही सांगितलंय की परीक्षेसाठी किंवा गुण वाढवण्यासाठी रत्न विस्तवात घालू नये. आचेचं प्रमाण कळलं नाही तर खडा दूषित होतो, आणि मग मालक, तापवणारा आणि तापवून घेणारा, तिघांचंही नुकसान. म्हणजे तापवण्याचा उद्योग तेव्हाही ठाऊक होता! ही ओळ काउंटरवर कोणी सांगत नाही.

मग खडा बघायचा कसा? आधी दुकानाच्या दिव्याखालून बाहेर काढा. निळ्या कागदाच्या पुडीतून तर आधी काढा. दिवसाच्या उजेडात रंग बघा, मग संध्याकाळी घरच्या दिव्यात. काही खडे तिथे सरळ काळे पडतात. वर्तमानपत्रावर ठेवून मधून अक्षरं वाचता येत असतील तर कट फसलेला आहे. बूड विनाकारण जाड असेल तर तुम्ही वजनाचे पैसे देताय, रूपाचे नाही. सेटिंग मागून उघडं हवं. खडा अंगाला लागायला पाहिजे असं ज्योतिषी म्हणतात, मला मागून बघायला मिळतं म्हणून हवं. इथे आमचं एकमत.

आणि 'एकदम निर्दोष आणि अनहीटेड' मागू नका. न तापवलेल्या खड्याची साक्ष बहुधा त्याच्या पोटातल्या दोषांतच असते. अखंड, रेशमासारख्या सुया दिसल्या तर चांगली खूण. त्या तुटून ठिपक्यांच्या रांगा झाल्या असतील तर भट्टीचा संशय. मोठा, स्वच्छ, गडद निळा आणि स्वस्त असा खडा दिसला तर मला आधी कोबाल्टची निळी काच आठवते. भेगांमध्ये अशी काच भरलेले नीलम २०१२ पासून माहीत आहेत. सोनाराच्या तेजाबात नि आचेत त्यांची काच टिकत नाही.

शेवटचा शब्द मात्र प्रयोगशाळेचा. सूक्ष्मदर्शक आणि इन्फ्रारेड तपासणी करून तिने ट्रीटमेंटच्या रकान्यात 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' असं स्पष्ट लिहिलं पाहिजे. भाषा नीट वाचा : तापवल्याची चिन्हं आढळली नाहीत, एवढंच. कमी आचेवरचं तापवणं पकडणं अवघड असतं आणि चांगली लॅब ते लपवत नाही. 'तपासणीचा खर्च खड्याला परवडत नाही' असं कोणी म्हणालं तर त्या खड्याला अनहीटेडचा भावही परवडत नाही. तापवलेला म्हणून, तापवलेल्याच्या भावात घ्या.

मावसभावाने पेढीवर तीन ओळी लिहून मागितल्या : बिलावर कॅरेटमध्ये वजन, 'उष्णताप्रक्रिया न केलेला' हे शब्द, आणि रिपोर्ट उलटा आला तर पैसे परत. पहिली ओळ लगेच मिळाली. उरलेल्या दोनांसाठी "शेठजी आले की सांगतो" म्हणाले. त्याला आज अकरा दिवस झाले. तीन रात्रींसाठी खडा घरी न्यायची परवानगी मात्र अजून कायम आहे.