भेंडी, चवळी आणि पंगत

दक्षिणेकडचं जेवण म्हटलं की आपल्या इंदूरकरांना इडली-सांबार आठवतं. पण अमेरिकेलाही एक दक्षिण आहे आणि तिथलं घरगुती जेवण आपल्या ताटाच्या बरंच जवळचं आहे.

लेकीकडे अटलांटाला गेलो होतो, तेव्हा सव्हानाच्या वाटेवर एका छोट्या गावात जेवायला थांबलो. टेबलांवर प्लॅस्टिकची आच्छादनं, भिंतीवर शाळेच्या संघाचे फोटो, फळ्यावर खडूने लिहिलेला दिवसाचा बेत. तिकडच्या अशा खानावळींची पद्धत म्हणजे ‘मीट अँड थ्री’: मांसाचा एक प्रकार आणि सोबत तीन भाज्या. चीज घातलेली मॅकरोनीसुद्धा भाज्यांच्याच यादीत! नुसत्या भाज्यांचं ताटही मिळतं. शाकाहारी असाल तर मात्र विचारून घ्या, पालेभाजी बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली असते.

माझ्या ताटात आली तळलेली कुरकुरीत भेंडी, चवळी, गोड रताळी आणि मक्याचा पाव. भुट्ट्याच्या किसावर वाढलेल्या माणसाला मका परका वाटत नाही. चहा तेवढा बर्फ घातलेला आणि पाकासारखा गोड. वाढणाऱ्या कृष्णवर्णीय आजी ग्लास रिकामा होऊ देत नव्हत्या.

या ताटाला इतिहास आहे. मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. चवळी आणि भेंडी तिथे पोचली ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. ‘गंबो’ या तिथल्या प्रसिद्ध कालवणाचं नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडलं. मालकांच्या घरी रांधलंही याच माणसांनी. तरीही १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर जवळजवळ शंभर वर्षं गोऱ्यांच्या खानावळीत त्यांना सोबत बसून जेवता येत नव्हतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी अशाच एका ठिकाणी जाऊन बसले. त्यांना वाढलं नाही, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. अखेर १९६४ च्या कायद्याने ही बंदी देशभर संपली.

“अमेरिकेत असं?” म्हणण्याआधी महाड आठवा. पाण्याच्या ओंजळीसाठी १९२७ मध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तो करणारे बाबासाहेब जन्मले आपल्या शेजारी, महूला. वेगळी पंगत, मागल्या दाराशी ठेवलेला वेगळा कप हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत होतं. काही घरांतला तो कप अजूनही गेलेला नाही.

म्हणून तरुण मंडळींना एक सांगणं. पुढच्या वेळी घरी चवळीची उसळ होईल, तेव्हा आजी-आजोबांना विचारा: आपल्या पंगतीत कोण बसायचं, कोणाला बसू दिलं जात नव्हतं? उत्तर अवघड असेल, तरी पुरतं ऐकून घ्या. आणि आज तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहा कोणत्या कपात जातो, तेही एकदा पाहा.