जिभेचा कौल आणि आहाराचा सल्ला

भोपाळच्या मराठी समाजाची चव एक नाही, हे आपल्या सहभोजनांच्या पंगतीत बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार या संस्थानांतून आलेली घराणी येथे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आल्यावर नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर आलेली कुटुंबे आहेत. आणि पुढे ‘भेल’च्या कारखान्यामुळे येथे स्थायिक झालेलीही आहेत. साहजिकच नागपूरकराला आमटीतला गूळ सोसत नाही आणि पुणेकराला सावजी रश्श्याचा ठसका झेपत नाही. खानदेशी माणूस कळण्याच्या भाकरीसाठी जीव टाकतो, तर शेजारच्याला ती घशाखाली उतरवणे कठीण जाते. पोह्यांत बडीशेप घालून वर जिलेबी खाण्याची माळव्याची रीत नव्याने आलेल्या पाहुण्यास विक्षिप्त वाटते; आपल्या मुलांना मात्र त्यावाचून रविवारची सकाळ उजाडल्यासारखी वाटत नाही.

येथवर सारे थट्टेचे आहे आणि ती थट्टा असावी. परंतु काही पदार्थ थट्टेवर सुटत नाहीत. सुका बोंबील भाजल्याचा वास जिन्यात आला की शेजारी खिडक्या लावून घेतात. तेथे नावड पदार्थापुरती राहत नाही. ती तो खाणाऱ्या माणसापर्यंत पोहोचते. आणि हीच नावड जेव्हा पांढरा कोट घालून रुग्णासमोर बसते, तेव्हा तिचा विचार आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी अधिक गांभीर्याने करावयास हवा, असे मला वाटते.

आवड-नावड हा चारित्र्याचा भाग नव्हे, हे आपल्या शास्त्रानेच दाखवून दिले आहे. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती जहाल कडू लागली, फॉक्स यांना तिची चवच लागेना. हा भेद आनुवंशिक आहे, आणि कोबी-मोहरीच्या कुळातील भाज्या कोणाला अधिक कडवट लागतात याचा काही संबंध त्याच्याशी आहे. १९५५ साली जॉन गार्सिया यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की एखाद्या चवीनंतर मळमळ झाली, तर ती चव पुढे नकोशी होते. कर्करोगावरील औषधे घेणाऱ्या रुग्णांत आपण हेच पाहतो. आणि २००१ साली ज्यूली मेनेला यांच्या अभ्यासात असे आढळले की गरोदरपणी अथवा स्तनपानाच्या काळात आईने गाजराचा रस घेतला असेल, तर बाळ गाजराची चव अधिक सहजपणे स्वीकारते. म्हणजे जिभेचा कौल काही अंशी जन्माने, काही अंशी अनुभवाने, तर काही अंशी आईच्या ताटाने ठरतो. आयुर्वेदाने ‘सात्म्य’ ही संकल्पना मांडताना देश आणि सवय या दोहोंना स्थान दिले होते, ते उगाच नव्हे.

याचा अर्थ जे आवडते ते सारे हितकर, असा मुळीच नाही. लाखेची डाळ विदर्भात आणि आपल्या रीवा-सतना भागात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली. दीर्घकाळ तिच्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांचे पाय लुळे पडले. तेथे वैद्याने स्पष्टपणे ‘नको’ म्हटलेच पाहिजे. मात्र तो निर्णय हानीच्या पुराव्यावर उभा होता, किळसेवर नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की हानी आणि किळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि औषधाच्या चिठ्ठीवर फक्त पहिलीला जागा आहे.

व्यवहारात मात्र गल्लत होते. रक्तदाबाच्या रुग्णाने खारा बांगडा खाऊ नये, हा सल्ला योग्यच आहे. परंतु तोच नियम लोणचे, पापड आणि आपल्या भोपाळात ताटाशिवायही चालणाऱ्या शेव-नमकीनला आपण तितक्याच आवेशाने लावतो काय? जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. ते मीठ माशातून आले की फरसाणातून, याची मोजणी शरीर वेगळी करीत नाही. उलट मीठ न लावता केवळ उन्हात वाळविलेला बोंबील हा स्वस्त प्रथिनांचा साठा असतो. त्याला नाक मुरडून रुग्णाला महागड्या प्रथिनांच्या डब्याची शिफारस करणे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

याची किंमत रुग्ण मोजतो. आहाराविषयी विचारताना आपला चेहरा किंचित जरी बदलला, तरी समोरचा माणूस सावध होतो आणि “साधंच जेवतो, डॉक्टर” एवढेच सांगतो. त्या ‘साध्या’त काय दडले आहे हे पुढे कधीच कळत नाही आणि आपला सल्ला हवेत राहतो. व्यापक पातळीवरही हेच घडते. २०१५ साली आपल्या राज्यात आदिवासी जिल्ह्यांतील अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव आला आणि शासनाने तो नाकारला. ज्यांना अंडे वर्ज्य आहे त्यांच्यावर ते लादू नये, हे मान्यच. परंतु ज्या घरांत ते चालते, तेथील कुपोषित बालकाच्या ताटाचा निर्णय दुसऱ्याच्या जिभेने का व्हावा?

आपल्यापैकी अनेकांची मुले आज अमेरिकेत आहेत. तेथील मिनेसोटा राज्यात नॉर्वेहून आलेल्यांचे वंशज ‘लुटफिस्क’ नावाचा पदार्थ करतात. वाळवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून लिबलिबीत केलेला. त्याच्या वासाची टवाळी सारे करतात, त्या समाजातलेही करतात. तरी दर वर्षी चर्चमधून त्याच्या पंगती बसतात. पूर्वजांची भाषा ज्यांच्या ओठांवर उरली नाही, तेही त्या पंगतीला येतात. परमुलखात स्थिरावलेल्या समाजाला कधी कधी असाच एखादा उग्र पदार्थ धरून ठेवतो. हे आपण भोपाळकर मराठी माणसांनी तरी समजून घ्यावे.

तेव्हा व्यवसायबंधूंना आणि भगिनींना नम्र विनंती अशी : आहाराचा छापील तक्ता रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या घरी काय शिजते, ते निर्विकार चेहऱ्याने ऐकून घ्यावे, अपाय असेल तेथे ठामपणे नाही म्हणावे, नसेल तेथे प्रमाण सांगावे आणि थांबावे. आपली जीभ आपल्या ताटापुरती ठेवावी. आणि समाजातील वाचकांनीही डॉक्टरांपुढे आपले ताट लपवू नये. त्यात लाजण्यासारखे काही नाही.