विश्लेषण : व्होडकाच्या देशात दारू कमी कशी झाली?

रशिया म्हटलं की व्होडका आठवते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार, २००३ ते २०१६ या काळात रशियातलं दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटलं. हे कसं घडलं?

आधी काय झालं होतं?

१९८५ मध्ये सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. उत्पादन घटवलं, दुकानांच्या वेळा कमी केल्या, द्राक्षबागाही उपटल्या. मृत्यू कमी झाले, पुरुषांचं सरासरी आयुर्मान वाढलं. मात्र घरोघरी हातभट्ट्या पेटल्या, त्यापायी दुकानांतून साखर गायब झाली. सरकारचा महसूलही बुडाला. लोक वैतागले आणि काही वर्षांतच मोहीम गुंडाळावी लागली.

पुढे सोव्हिएत संघ कोसळला. स्वस्त दारूचा पूर आला, जोडीला बेकारी आणि अनिश्चितता होती. १९९४ मध्ये रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली गेलं.

मग बदललं काय?

२००० नंतर सरकारने बंदीचा मार्ग सोडला आणि दारू महाग व मिळायला अवघड केली. कर वाढवले. २०१० मध्ये व्होडकाची किमान किंमत ठरवली. रात्री ११ ते सकाळी ८ विक्री बंद केली. जाहिरातींवर निर्बंध आणले. २०११ पर्यंत रशियात बिअर कायद्याने खाद्यपदार्थांत मोडायची. नव्या कायद्याने तिला दारूच्या यादीत आणलं आणि रस्त्यावरच्या टपऱ्यांवरून तिची विक्री थांबली.

दारू महाग झाली की लोक हातभट्टीकडे वळतात, असं म्हणतात. इथे उलट झालं. उत्पादनापासून दुकानापर्यंतच्या मालाची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली आणि सर्वाधिक घट बेकायदा दारूतच दिसली.

फरक किती पडला?

२०१८ मध्ये पुरुषांचं आयुर्मान ६८ वर्षांच्या जवळ पोहोचलं. याचं सगळं श्रेय दारूधोरणाला देता येणार नाही. उत्पन्न वाढलं, आरोग्यसेवा सुधारली, तरुणांच्या सवयीही बदलल्या. तरीही महिलांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा सुमारे १० वर्षांनी जास्तच राहिलं. या दरीमागे दारूचा वाटा मोठा आहे.

एकाच देशाने दोन्ही मार्ग वापरून पाहिले. फर्मानाने आलेला बदल काही वर्षांत विरला. किंमत, वेळ आणि हिशेब यांनी आलेला बदल मात्र दशकभर टिकला.