एक नग हवा असतो तेव्हा

दौलताबादला त्रिमिती छपाईयंत्र कशाला? किल्ल्यासमोर सीताफळे विकणाऱ्याला ते भाकरी देणार आहे का? असा सवाल चांगली शहाणी माणसे करतात. वाळूजचे कारखाने जवळ, बाजारात सगळे तयार मिळते. मग आपली वस्तू आपणच आखून काढणे म्हणजे हौशी लोकांचे चोचले, असा त्यांचा पूर्वपक्ष.

यात कारखान्याचा हिशेब अर्धाच मांडला आहे. प्लॅस्टिकची वस्तू ओतायची तर आधी पोलादी साचा लागतो. त्याचा भारी खर्च हजारो नगांवर वाटला, की वस्तू स्वस्त पडते. पण कंपनीने बंद केलेल्या मिक्सरचे बटण, बोटे आखडलेल्या आजीला धरता येईल अशी चमच्याची जाड मूठ, जुन्या फवारणी पंपाचे झाकण यांचा एकच नग हवा असतो. असले गिऱ्हाईक कारखान्याला परवडत नाही. छपाईयंत्राला साचाच लागत नाही. संगणकावरच्या आकृतीप्रमाणे ते थरावर थर चढवते. मूठ आजीच्या मापाची की आजोबांच्या, त्याला सारखेच.

खेड्यात हे चालत नाही, असेही म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेच्या बाकावर न रमणारी मुले तिथे हाताने काम करत विज्ञान शिकली. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने जगात फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांवर हवी ती वस्तू घडवण्याच्या खुल्या कार्यशाळा, निघू लागल्या, तेव्हा अगदी पहिल्यांपैकी एक २००२ साली याच पाबळला उभी राहिली. मुंबई-पुण्याच्या आधी! तिथल्या लोकांनी दूध तपासण्याच्या आणि डिझेल इंजिनाच्या प्रश्नांना हात घातला. याला चोचले म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

यंत्राने कारागिरी बुडेल, ही भीती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. तरी जॅकार्डच्या मागावर आपल्याकडचे हिमरू कापड विणताना कोणता धागा उचलायचा हे भोके पाडलेले पुठ्ठे सांगतात, आणि ते तंत्र १८०४च्या सुमाराचे, फ्रान्समधले. विणकराचा हात त्याने बुडाला नाही. हात बुडतो तो नक्षी दुसऱ्याच्या हातात गेली की. दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्यातल्या हातकागदाचे डबे कापायला लेझर कटर आला, तरी डब्याचा आकार कागद करणाऱ्यानेच ठरवावा, एवढाच माझा हट्ट आहे.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मान्य. या यंत्रांचे भाबडे गोडवे गाणारे मराठवाड्यातला मे महिना विसरतात. छपाईत सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक साठेक अंशांना मऊ पडते; पत्र्यावर बसवलेला भाग दुपारपर्यंत वाकेल. तिथे पीईटीजी घ्यावे, नाहीतर सरळ लोहाराकडे जावे.

यंत्रे मुळात नाहीतच, असेही नाही. २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि त्यातून छपाईयंत्रेही येतात. अशी खोली शाळा सुटल्यावर गावासाठी उघडी ठेवता येते. यंत्रात जाणाऱ्या तारेचे पैसे वजनावर घ्यावेत. मोजमाप आणि आकृती मराठीतून शिकवणारे एक माणूस पगारावर नेमावे, आणि त्याच्या शेजारी गावातला सुतार किंवा वेल्डर मानधन देऊन बसवावा. कुठे जोर येतो आणि काय तुटते, हे त्यालाच आधी कळते.