खुलेपणाची कसोटी

इटलीच्या सॅल्व्हातोरे सान्फिलिप्पो यांनी २००९ मध्ये ‘रेडिस’ नावाची आज्ञावली जगापुढे ठेवली. माहिती संगणकाच्या स्मृतीत ठेवून ती क्षणार्धात पुरविणे हे तिचे काम. कोणीही ती वापरावी, बदलावी, वाटावी, विकावीही, इतका तिचा परवाना उदार होता. त्या भरवशावर देशोदेशीच्या जाणकारांनी तिच्यात आपल्या श्रमांची भर घातली. मार्च २०२४ मध्ये तिच्या मालक कंपनीने पुढील आवृत्त्यांचा परवानाच बदलला. आज्ञावलीचा मजकूर पूर्वीप्रमाणे सर्वांना वाचता येत होता. परंतु तिच्या आधारे इतरांनी सेवा विकू म्हटले, तर त्यांच्यापुढे अटींची भिंत उभी राहिली. अशा आज्ञावलीस ‘ओपन सोर्स’ म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेने या संज्ञेची दहा कलमी व्याख्या केली आहे. मूळ मजकूर उपलब्ध असणे ही तीतील केवळ एक अट होय. तो बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा हवी. कोणा व्यक्तीस वा गटास वगळता कामा नये. आणि धंद्यासाठी वापरू नका, असेही म्हणता कामा नये. ग्रंथालयातील पुस्तक वाचावयास मिळाले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळत नाही. दिसणे आणि मोकळे असणे यांत तेवढेच अंतर आहे.

याचा अर्थ परवान्यात कसलीच अट नसावी, असा नव्हे. लिनक्सचा जीपीएल परवाना पुरेसा कडक आहे. आज्ञावली पुढे वाटणाऱ्याने तिचा मजकूरही त्याच मोकळिकीने दिला पाहिजे, असे तो बजावतो. मात्र ही अट सर्वांना सारखीच लागू असते व ती स्वातंत्र्याचे रक्षण करते. याउलट मेटा कंपनी आपल्या ‘लामा’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीस ओपन सोर्स म्हणवीत आली. परंतु दरमहा सत्तर कोटींहून अधिक वापरकर्ते असणाऱ्या कंपनीने वेगळी परवानगी घ्यावी, असे तिच्या परवान्यातच लिहिलेले आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

कंपन्यांचे गाऱ्हाणे अगदीच निराधार नाही. आपण खपून आज्ञावली रचावी आणि बड्या क्लाउड कंपन्यांनी तीवर आयता नफा कमवावा, हे त्यांना सलते. आपल्या मालावर निर्बंध घालण्याचा हक्क त्यांना जरूर आहे. पण निर्बंधही हवेत आणि खुलेपणाची कीर्तीही हवी, हा हट्ट अप्रामाणिकपणाचा आहे. त्या कीर्तीमुळेच त्यांना फुकट श्रम लाभलेले असतात.

खऱ्या परवान्याचे बळ संकटात दिसते. रेडिसच्या जुन्या आवृत्तीवर दिलेला हक्क कंपनीस परत घेता आला नाही. अवघ्या काही दिवसांत तिच्या आधारे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसनेही एजीपीएल या मान्यताप्राप्त खुल्या परवान्याचा पर्याय पुन्हा देऊ केला. मालकाचे मन बदलले तरी वापरणाऱ्याचा हक्क टिकतो काय, हीच खुलेपणाची अंतिम कसोटी होय.

आपल्याकडेही हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. सरकारी कामकाजात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले. तेव्हा खरेदीची टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाने, प्रयोगशाळेसाठी आज्ञावली निवडणाऱ्या शिक्षकाने आणि एखाद्या प्रकल्पास आपल्या रात्री देणाऱ्या विद्यार्थ्याने जाहिरातीतील विशेषणावर विसंबू नये. परवाना मागावा आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. तेवढे कष्ट आपण घेतले नाहीत, तर उद्या दार बंद झाल्यावर तक्रार करण्याचा अधिकारही आपल्याला उरणार नाही.